जुन्या डोळ्याने पाहिलेलं ऊन

२०२०च्या एप्रिलमधल्या एका सकाळी आई म्हणाली, "पडदा ओढ जरा, ऊन टोचतंय." मी कामात होते. मान वर न करताच म्हणाले, "आई, ऊन तेच आहे. तुझा डोळा नवा आहे." मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डाव्याची तारीख एप्रिलच्या मध्यावर होती, ती टाळेबंदीमुळे बेमुदत पुढे गेली. त्यामुळे माझं उत्तर मला अगदी बिनतोड वाटलं. डोळ्यातली गढूळ लेन्स काढून स्वच्छ लेन्स बसवली की उजेड जास्त शिरणारच, त्यात उन्हाचा काय दोष? आई काही बोलली नाही. उठून तिनेच पडदा ओढला. तिचं ते न बोलता उठणं आणि माझं ते मान वर न करणं, दोन्ही अजून माझ्या मनातून जात नाही.

ऑपरेशननंतर तिला एक नाद लागला होता. तळहाताने एक डोळा झाकायचा, समोरची वस्तू पाहायची, मग हात बदलून दुसरा डोळा झाकायचा. उजव्याने भिंत पांढरी, डाव्याने तीच भिंत जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळट. उजव्याने निळी साडी निळी, डाव्याने करडी. "इतकी वर्षं हेच बघत होते मी," ती एकदा म्हणाली, "आणि मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं." मोतीबिंदू इतक्या हळूहळू वाढतो की आपलं काही हरवत चाललंय हे कळतच नाही. रोज कणभर उजेड कमी होतो, आणि माणूस त्या कमी उजेडालाच उजेड म्हणायला शिकतो. तर दोन दिवसांनी तिने मला हाक मारली. खिडकीच्या कट्ट्यापाशी बसली होती, उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबून. म्हणाली, "हा डावा तर जुनाच आहे ना? याला तर कुणी हात लावला नाही ना? यातूनही ऊन वेगळं दिसतंय."

मला उत्तर सुचलं नाही.

कट्ट्यावर तिच्या डोळ्यांतल्या थेंबांच्या वेळा लिहिलेला कागद होता. थेंब संपले होते, पण कागद तिथेच राहिला होता. ती त्याची कोरी बाजू वर करून त्यावर खिडकीच्या गजांची सावली पाहत होती. मी शेजारी बसले. सावलीच्या कडा चाकूने कापल्यासारख्या होत्या. तिसऱ्या गजाला मध्यावर एक बारीक गाठ आहे, बहुधा वेल्डिंगची, तीसुद्धा सावलीत उमटली होती. ती आधीही उमटत असेल, मी कधी पाहिली नसेल, तेही शक्य आहे. पण सावलीचा रंग मात्र मी त्याआधी खरोखरच पाहिला नव्हता. पांढऱ्या कागदावर ती सावली करडी नव्हती, निळसर होती. मी मोबाइलवरून नजर काढून एका कागदावरच्या सावलीकडे इतका वेळ शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवेना. आईने पेन्सिल मागितली आणि सावलीच्या कडेने रेघ मारायला सुरुवात केली. तिचा हात थोडा थरथरतो, आणि सावलीही सरकत होती, म्हणून शेवटचे दोन गज मी काढले. खाली तिने तारीख आणि वेळ लिहिली. का लिहिली, ते तिला विचारलं नाही.

सावली निळी का, हे मी त्या रात्री शोधलं, आणि मग बरेच दिवस शोधतच राहिले. सावलीत सूर्याचा थेट किरण पोचत नाही, पण आकाशाचा उजेड पोचतो. आकाश जितकं निळं, तितकी सावली निळी. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून आकाश निळं, एवढं शाळेत शिकवलेलं असतं. पण त्या हवेत धूर, काजळी, कोळशाच्या आणि डिझेलच्या ज्वलनातून तयार झालेले गंधकाचे कण तरंगत असले की चित्र बदलतं. हे कण रेणूंपेक्षा खूप मोठे, प्रकाशाच्या लहरींच्या लांबीच्या आसपासचे. ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. म्हणून धुरकट हवेतलं आकाश निळं न राहता दुधट होतं. थेट येणारं ऊन कमी होतं आणि चहूकडून पसरट उजेड येतो. तो उजेड सावलीत शिरतो, तिला फिकट करतो, करडी करतो. आणि मोतीबिंदूत काय होतं? डोळ्याच्या लेन्समधली प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, आणि ते पुंजके आत येणारा प्रकाश विखुरतात. म्हणजे बाहेर आणि आत एकच गोष्ट घडते. आई गेली कित्येक वर्षं दोन मोतीबिंदूंमधून जग पाहत होती, एक तिच्या डोळ्यातला आणि एक आकाशातला. आकाशातला काही दिवसांपुरता उतरला होता आणि डाव्या डोळ्यातला तसाच होता. म्हणून फक्त आकाशातला फरक ओळखू शकेल असं एकच साधन घरात होतं, ते म्हणजे तिचा ऑपरेशन न झालेला डोळा.

लहानपणी दुपारी मोठी माणसं झोपली की आम्ही बंद खोलीत कवडसा पकडायचो. खिडकीच्या फटीतून तिरकी येणारी ती उजेडाची पट्टी आणि तिच्यात संथ फिरणारे सोनेरी कण. मुठीत धरायला गेलं की कण पळायचे आणि पट्टी हातावर पडायची. कण म्हणजेच ऊन, अशी माझी बरीच वर्षं खात्री होती. पुढे कळलं की कण नसते तर पट्टी दिसलीच नसती. उजेड बाजूने जाताना दिसत नाही, तो कशावर तरी आपटून आपल्याकडे वळला तरच दिसतो. कवडसा दिसतो तो धुळीमुळे. हे कळलं तेव्हा कवडशाचं थोडं वाईट वाटलं होतं. घरातली धूळ वेगळी आणि छातीत शिरणारे ते सूक्ष्म कण वेगळे, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक. पण गोष्ट तीच. हवेत काय आहे ते उजेड सांगतो. तो किती पोचला, कसा पोचला, कुठल्या रंगाचा पोचला, हे बघता आलं पाहिजे.

बघणारे बघत होतेच. त्या वसंतात नासाच्या उपग्रहांना उत्तर भारतावरच्या हवेतल्या कणांचं प्रमाण त्या ऋतूसाठी गेल्या २० वर्षांतलं सर्वात कमी दिसलं. जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारची बर्फाळ रांग दिसू लागली आणि लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवले. दिल्लीतल्या सौर पॅनेलांच्या नोंदी आधीच्या वर्षांशी ताडून पाहणाऱ्या संशोधकांना मार्चच्या अखेरीस पॅनेलवर पोचणारं ऊन सुमारे ८ टक्क्यांनी आणि एप्रिलमध्ये सुमारे ६ टक्क्यांनी जास्त आढळलं. मी तो आकडा आईला वाचून दाखवला. १०० दिव्यांच्या जागी १०८ दिवे, असं तिला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे टोचतच होतं." मी हो म्हणाले. माझ्याकडून माफी मागितली जायला हवी होती, ती त्या हो मध्ये मावली असं मी समजले. मावली नव्हती.

पण या आनंदाला दुसरी बाजू होती, आणि ती बोलताना जीभ अडखळायची. आकाश कशामुळे निवळलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. रुग्णवाहिकांचे आवाज रिकाम्या रस्त्यांवर लांबपर्यंत ऐकू यायचे, आणि त्याच रस्त्यांवर पक्ष्यांचे आवाजही. लोकांची कामं गेली होती, माणसं एकटी मरत होती, आणि मी कट्ट्यावर बसून सावलीचा निळा रंग पाहत होते. "पृथ्वी श्वास घेतेय" असे संदेश तेव्हा फिरायचे, ते मला सहन व्हायचे नाहीत. कुणाचा तरी श्वास कोंडल्याशिवाय हवा स्वच्छ होत नाही, असा त्याचा अर्थ होत होता, आणि तो मला मान्य नव्हता. आजही नाही.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली, ती याहून जास्त खुपली. ऊन वाढलं म्हणजे फक्त उजेड वाढत नाही. जे ऊन धुरावरून परत अवकाशात जात होतं ते आता जमिनीवर पोचत होतं, आणि जमीन ते उष्णतेत बदलत होती. हवामानशास्त्रज्ञ अँड्र्यू गेटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय प्रारूपांवरून २०२१ साली दाखवलं की त्या वसंतात जमिनीच्या काही भागांवर तापमान एरवीपेक्षा ०.१ ते ०.३ अंश सेल्सिअसने जास्त राहिलं, अमेरिका आणि रशियाच्या बऱ्याच भागांत त्याहूनही थोडं जास्त. कारण कण कमी झाले होते. नुसते कण सूर्याला अडवतात असं नाही, ढगांचे थेंबही त्यांच्याभोवतीच तयार होतात. कण भरपूर असले की थेंब बारीक आणि पुष्कळ होतात आणि ढग जास्त पांढरा, जास्त चकचकीत होतो. कण कमी झाले की ढगही थोडा मंदावतो आणि जास्त ऊन खाली सोडतो. पूर्ण वर्षाची आणि पूर्ण पृथ्वीची सरासरी काढली तर ही वाढ ०.०३ अंशांच्या आसपास भरते, म्हणजे कुणालाही जाणवू नये इतकी. पण आकड्यापेक्षा तिची दिशा मला छळत राहिली. गाड्या थांबल्या, विमानं थांबली, कारखान्यांच्या चिमण्या थंडावल्या, आणि पृथ्वी किंचित तापली.

यात काजळीची गोष्ट उलटी आहे. काजळी ऊन परतवत नाही, शोषते, म्हणून तिच्या जाण्याने हवा थोडी थंडावते. विमानांमागे राहणारे पांढरे पट्टेही एकंदरीत पृथ्वीची उष्णता अडवतात, तेही त्या दिवसांत विरळ झाले होते. या सगळ्यांच्या बेरीज-वजाबाकीतून ती एवढीशी वाढ उरली. मिथेनचं तर मला आजही नवल वाटतं. त्या वर्षी हवेतल्या मिथेनमध्ये १९८३ पासूनच्या नोंदींतली तोवरची सर्वात मोठी वाढ झाली. जग बंद असताना! त्याचं एक कारण पाणथळ जागांतून जास्त मिथेन बाहेर पडला हे होतं. दुसरं असं की वाहनांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड कमी झाले, आणि त्यांच्या मदतीने हवेत जो रेणू तयार होऊन मिथेनला संपवतो, तो रेणूही कमी पडला. आपण हवेत इतक्या गोष्टी इतकी वर्षं एकत्र सोडत आलो आहोत की एक काढली की दुसरीचा तोल जातो.

धूर ऊन अडवतो ही गोष्ट त्या वर्षी पहिल्यांदा कळली असंही नाही. सूर्यप्रकाश मोजणाऱ्या माणसांना ती आधीच ठाऊक होती. झुरिकच्या अत्सुमू ओहमुरा यांनी १९८०च्या दशकात जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा युरोपात जमिनीवर पोचणारं ऊन काही दशकांत कमी झालेलं दिसलं. मला त्याहून भावते ती पाण्याच्या परातींची गोष्ट. हवामान केंद्रांवर साधारण चार फूट व्यासाचं एक उथळ पात्र असतं. रोज सकाळी त्यातलं पाणी किती उडालं ते मोजायचं आणि पुन्हा पहिल्या खुणेपर्यंत भरायचं. एवढंच काम. जग तापतंय म्हणजे पाणी जास्त उडायला हवं, पण जगात ठिकठिकाणी दशकानुदशकं ते कमी कमी उडत होतं. मायकेल रॉडरिक आणि ग्रॅहम फार्कर यांनी २००२ साली याचा उलगडा केला. पाणी उडायला नुसती उबदार हवा पुरत नाही, त्यावर ऊन पडावं लागतं, आणि ऊनच घटत होतं. ज्या कुणी हजारो सकाळी त्या परातींत वाकून पाहिलं असेल आणि न पटणारा आकडाही जसाच्या तसा वहीत लिहिला असेल, त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. पुढे युरोपात गंधकाच्या धुरावर कायदे आले, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथलं ऊन पुन्हा उजळू लागलं. माझ्या आईचे डोळे जेव्हा लख्ख होते, तेव्हा जगाचं आकाश मळत होतं. तिकडे ते उजळायला लागलं तेव्हा हळूहळू तिचे डोळे मळू लागले.

मग आपल्या धुराने आपल्यावर सावली धरली होती का? होती. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, २०२१च्या अहवालानुसार, मुख्यतः या कणांमुळे झाकली गेलेली तापमानवाढ ० ते ०.८ अंशांच्या दरम्यान आहे. केवढा रुंद हा पल्ला! मी हे वाचलं तेव्हा कुणी तरी माझ्याच घरातलं काही लपवून ठेवलं होतं असं वाटलं. पण या सावलीला उपकार म्हणायला मी तयार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या आणि बाहेरच्या दूषित हवेने दर वर्षी सुमारे ७० लाख माणसं अकाली मरतात. ही त्या सावलीची किंमत. आणि ती सावली टिकतही नाही. हे कण हवेत फार तर आठवडा-दोन आठवडे राहतात, मग पाऊस त्यांना धुऊन नेतो, म्हणूनच टाळेबंदीत आकाश इतक्या लवकर निवळलं. त्याच चिमणीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र शतकं मागे राहतो. एप्रिल २०२०च्या सुरुवातीला जगाचं रोजचं उत्सर्जन आदल्या वर्षाच्या सरासरीपेक्षा १७ टक्क्यांनी खाली आलं होतं, आणि तरीही मे महिन्यात हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाखांत ४१७ भाग भरला, तोपर्यंतचा उच्चांक. पडदा आठवड्यात उतरला, अंगावरचं पांघरूण तसंच. आपण हे दोन्ही एकाच धुरातून विणत आलो, आणि पडदा आहे तोवर पांघरूण किती जाड झालंय ते कळलं नाही. म्हणून मला वाटतं, कुणी धूर कमी करायला निघालं आणि पांघरूण तसंच ठेवलं, तर ते अर्धं काम आहे, आणि ते अर्धं काम अंगाशी येणार आहे. जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. बंदरांत राहणाऱ्या माणसांच्या फुफ्फुसांसाठी ते हवंच होतं. पण जहाजांच्या धुरामुळे समुद्रावर उमटणारे चकचकीत ढगांचे पट्टेही त्याबरोबर विरळ झाले.

इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ पिअर्स फॉर्स्टर यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मी थोडा वेळ थांबले होते. टाळेबंदीचा हवामानावर काय परिणाम होईल हे त्यांनी काढलं ते त्यांच्या मुलीबरोबर बसून. तिच्या परीक्षा रद्द झाल्या होत्या, ती घरी होती, आणि लोकांच्या मोबाइलच्या हालचालींवरून उत्सर्जन किती घटलं याची आकडेमोड दोघांनी मिळून सुरू केली. उत्तर निघालं, २०३० पर्यंत जेमतेम ०.०१ अंशाची घट. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एवढा मोठा थांबा आणि एवढंसं उत्तर. पण मला त्या उत्तराइतकंच ते एका टेबलाशी बसणं दिसत राहतं. एक जण काही तरी बघतोय आणि दुसरा मान वर करून विचारतोय, दाखव.

आईला मी त्या वर्षी एक गोष्ट मात्र सांगितली नाही, आणि ती सांगायला हवी होती. त्याच वसंतात पश्चिम युरोपात उन्हाचे उच्चांक मोडले गेले होते, आणि अनेकांनी त्याचं श्रेय स्वच्छ हवेला दिलं होतं. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी नीट तपासलं तेव्हा दिसलं की त्यातला मोठा वाटा त्या वर्षीच्या कोरड्या, बिनढगाच्या हवामानाचा होता. निवळलेल्या हवेचा वाटा लहान. मग आमच्या खिडकीतल्या त्या सकाळचं काय? ती टाळेबंदीची होती की नुसतीच निरभ्र? आमच्याकडे एक कागद, एक पेन्सिलीची रेघ आणि एक जुना डोळा, याशिवाय पुरावा नव्हता. तिच्या "म्हणजे टोचतच होतं" मध्ये इतकं समाधान होतं की त्यावर हा किंतु ठेवायला माझं मन झालं नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन शेवटी त्या वर्षाच्या अखेरीस झालं. पट्टी काढल्यावर तिने सवयीने एक डोळा झाकला, मग दुसरा. "दोन्हींत सारखंच," ती म्हणाली. ते सांगताना तिला आनंद झाला होता आणि काही तरी हरवल्यासारखंही झालं होतं, हे मी या वेळी मान वर करून पाहिलं. रस्ते केव्हाच पुन्हा भरले होते. दुपारी खिडकीतून दिसणारं क्षितिज परत दुधट झालं होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याच तारखेला तिने तो कागद खणातून काढला. मला लक्षातही नव्हतं. कागद कट्ट्यावर मागच्यासारखाच ठेवला, कडा लाकडाच्या कडेला जुळवून, आणि घड्याळ पाहत बसली. त्याच तारखेला, त्याच वेळी सूर्य आकाशात जवळपास तिथेच असतो, म्हणजे सावली रेघांवर यायला हवी. मीही खुर्ची ओढून बसले. वेळ झाली तेव्हा गज सरकत सरकत आपापल्या रेघांवर आले, तिसऱ्याची गाठसुद्धा तिच्या थरथरत्या पेन्सिलीच्या फुगवट्यावर येऊन बसली. पण सावली फिकट होती, इतकी की तिचा रंग ठरवता येईना. हा धूर होता का? मी विचारलं, "तुला काय दिसतंय?" ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग खिडकीतून वर पाहिलं, आणि मला हाताने थोपवत म्हणाली, "थांब जरा. तेवढा ढग जाऊ दे."